जॉब नंबर नसेल तर पुश नाही: गेरिटला ग्रूवीची जोड

शिरोलीच्या फौंड्रीत रस ओतण्याआधी कोअर नीट बसलाय का ते बघतात. ओतल्यावर चूक दिसली तर ते कास्टिंग पुन्हा भट्टीतच जातं. कोडची अशी आधीची तपासणी गेरिट या कोड-रिव्ह्यूच्या साधनात होते: बदल मुख्य शाखेत जाण्यापूर्वी सहकारी तो ओळ न् ओळ वाचतात. पण कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात जॉब नंबर, म्हणजे कामाचा क्रमांक, आहे का, एवढं बघायला माणूस कशाला अडकवायचा?

गेरिट जावात लिहिलेलं आहे, म्हणून त्याचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) एरवी जार फाइल (जावाचं बिल्ड केलेलं पॅकेज) असतं आणि दर दुरुस्तीला नवं बिल्ड करावं लागतं. ग्रूवी ही जावाच्याच यंत्रणेवर चालणारी भाषा. तिच्या स्क्रिप्ट गेरिटला चालवू देणारा, आपल्या गेरिटच्या आवृत्तीला जुळणारा ग्रूवी प्रोव्हायडर एकदा बसवला की ही दगदग संपते. साइटच्या 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये ग्रूवीची साधी फाइल टाकायची. नावात प्लगइनचं नाव, डॅश आणि आवृत्ती. गेरिट मूळ सेटिंगनुसार दर १ मिनिटाला हे फोल्डर बघतं.

फाइलच्या आत 'कमिट व्हॅलिडेशन लिसनर'चा (आलेला कमिट तपासणाऱ्या इंटरफेसचा) एक क्लास पुरतो. नंबर सापडला नाही तर एक्सेप्शन फेकायचं, पुश (सर्व्हरकडे पाठवलेला बदल) तिथेच परत फिरतो आणि आपण लिहिलेलं कारण पाठवणाऱ्याच्या टर्मिनलवर उमटतं. ते कारण स्पष्ट मराठीत लिहा. क्लासवर 'लिसन' हे अ‍ॅनोटेशन (क्लासवर लावायची खूण) विसरलात तर फाइल लोड होते, पण नियम कधीच चालत नाही.

मराठी टीमची खरी फसगत आकड्यांत होते. जावाच्या पॅटर्नमधलं 'कोणताही अंक' हे चिन्ह मुळात फक्त इंग्रजी अंक ओळखतं. कुणी 'जॉब १२३४' असं देवनागरीत लिहिलं, तर नंबर समोर असूनही पुश नाकारला जाईल. त्याऐवजी सगळ्या लिप्यांचे अंक ओळखणारा युनिकोड अंकांचा वर्ग वापरा. लांबीचंही तसंच: 'कोल्हापूर' डोळ्यांना चार अक्षरं, जावाच्या मोजणीत ९, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. संदेशाच्या पहिल्या ओळीला इंग्रजीच्या बेताने घातलेली ५० अक्षरांची मर्यादा मराठी संदेशाला म्हणूनच जाचक ठरते.

ग्रूवीत एखादी मेथड बोलावताना तिचं नाव चुकलं तरी फाइल बिनतक्रार लोड होते आणि चूक पहिल्या पुशलाच बाहेर पडते. क्लासवर 'कम्पाइल स्टॅटिक' हे अ‍ॅनोटेशन लावलं तर ती लोड होतानाच पकडली जाते आणि 'एरर लॉग'मध्ये दिसते. शिवाय स्क्रिप्ट गेरिटच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच अधिकारांनी चालते. प्लगइन्स फोल्डरमध्ये लिहायची परवानगी अ‍ॅडमिनपुरतीच ठेवा, आणि ही स्क्रिप्टसुद्धा आधी रिव्ह्यूला टाका.