सहा किलोमीटरचा टप्पा: एसटीचं तिकीट ठरतं कसं?

25 जानेवारी 2025 पासून एसटीच्या साध्या गाडीचा दर एका टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाला. आधी तो 8 रुपये 70 पैसे होता. पाच पैशांचं नाणं 30 जून 2011 पासून चलनातच नाही, तरी ते या दरात दिमाखात बसलेलं आहे. कारण हा आकडा खिशातून काढून द्यायचा नसतोच, तो गुणाकारासाठी असतो. टप्प्यांची संख्या गुणिले दर, आणि मग येणारं उत्तर व्यवहारात चालेल अशा रकमेला आणून ठेवायचं. एसटीचं भाडं एवढंच आहे. गंमत आहे ती त्या टप्प्यात.

एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. अपुरा टप्पा पूर्ण धरतात. म्हणजे पाच किलोमीटरला एक टप्पा, सहालाही एकच, आणि सातला दोन. गणितात याला वरच्या पूर्णांकाला नेणं म्हणतात. मार्गावरचा प्रत्येक थांबा कुठल्या ना कुठल्या टप्प्यात मोडतो आणि आपलं गाव टप्प्याच्या खुणेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर गावाचं तिकीट ठरतं. फाटा एक किलोमीटर अलीकडे असता तर दहा रुपये वाचले असते, ही तक्रार त्यातूनच येते. गावकऱ्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. पण खूण कुठेही सरकवली तरी तिच्या लगेच पलीकडे कुणीतरी असणारच.

मग सरळ किलोमीटरवर भाडं का नको? आज तिकिटाचं यंत्र दशांशापर्यंत हिशेब करू शकतं, पण ही पद्धत रुळली तेव्हा वाहकाच्या हातात तिकिटांच्या गठ्ठ्यांचा ट्रे आणि पंच होता. गठ्ठे ठरावीक रकमांचे. शंभर रुपये मोजायचे तर दोन-तीन तिकिटं जोडून द्यायची, प्रत्येकाला पंच मारायचा आणि शेवटी वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबपत्रकावर, हिशेब जुळवायचा. सोबत भाड्याचा तक्ता. हा तक्ता त्रिकोणी असतो: उभ्या आणि आडव्या ओळीत तेच थांबे आणि मधल्या चौकटीत त्या दोन गावांमधलं भाडं. अर्धा भाग भरायची गरज नाही, कारण अ ते ब आणि ब ते अ सारखंच. वीस थांब्यांच्या मार्गावर अशा 190 चौकटी भरतात, तीस थांबे झाले की 435. थांबे दीडपट झाले, चौकटी सव्वादोन पटींहून जास्त. भरल्या गाडीत एका हाताने दांडा धरून हे वाचायचं, तर त्यात वेगवेगळे आकडे जितके कमी तितकं बरं. सहा किलोमीटरच्या टप्प्यांमुळे तीनशे किलोमीटरच्या मार्गावर फक्त पन्नास रकमा उरतात.

टप्प्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. दर सगळीकडे सारखा असला, तरी प्रत्येक किलोमीटरला आपण सारखे पैसे देत नाही. सात किलोमीटर जाणाऱ्याला दोन टप्पे पडतात, म्हणजे 20 रुपये 10 पैसे. त्याचा किलोमीटर 2 रुपये 87 पैशांना पडला. 241 किलोमीटर जाणाऱ्याला 41 टप्पे, 412 रुपये 5 पैसे, त्याचा किलोमीटर 1 रुपया 71 पैशांना. अपुऱ्या टप्प्याचा भुर्दंड दोघांनाही पाच किलोमीटरचाच आहे. लांबच्या प्रवासात तो विरघळतो, जवळच्या प्रवासात डोळ्यांवर येतो. शेजारच्या गावातल्या शाळेत किंवा बाजाराला जाणारा माणूस या हिशेबात कायम महाग पडतो, आणि तोच वडापच्या जीपकडे वळतो यात नवल नाही.

रेल्वेत लांब पल्ल्याला किलोमीटर स्वस्त होत जातो, पण तिथे ते मुद्दाम केलेलं असतं: जितकं अंतर जास्त, तितका पुढच्या किलोमीटरचा दर कमी. रेल्वेचा मोठा खर्च रूळ, स्थानकं आणि सिग्नल उभे करण्यात आधीच झालेला असतो. गाडीत बसलेला माणूस आणखी शंभर किलोमीटर पुढे गेला तर त्याच्यामुळे खर्चात फार भर पडत नाही. बसचं उलट आहे. रस्ता दुसऱ्याने बांधलेला, आणि खर्च चाक फिरेल तसा होत जातो: डिझेल, टायर, चालक-वाहकाचा पगार. म्हणून बसभाडं जवळपास सरळ रेषेत वाढतं.

तो खर्च किती, हे अंदाजाने काढता येतं. साधी बस लिटरला साडेचार ते पाच किलोमीटर जाते. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर किलोमीटरला अठरा-वीस रुपये नुसते टाकीतून जातात. एका प्रवाशाकडून किलोमीटरला 1 रुपया 67 पैसे येतात. म्हणजे पहिले अकरा-बारा प्रवासी डिझेलसाठीच बसलेले असतात. सगळ्या 44 आसनांवर पूर्ण तिकिटाचे प्रवासी असले तर किलोमीटरला 73 रुपये आणि वर काही पैसे जमतात. यातूनच पगार, टायर, दुरुस्ती, नव्या गाड्या आणि कर निघायचे. आसनं किती भरली याला डेपोत भारमान म्हणतात, ते उतरलं की गणित कोसळतं. रात्री आठ प्रवासी घेऊन मुक्कामाला जाणाऱ्या गाडीचा किलोमीटर पुणे-नाशिकच्या भरलेल्या गाडीच्या किलोमीटरएवढाच खर्चिक असतो आणि तिकिटाचा दरही तोच. एका मार्गाने दुसऱ्याला ओढून न्यायचं, हे या सरसकट दरात गृहीतच आहे. मला ते बरोबर वाटतं. पण त्यासाठी भरलेले मार्ग भरलेलेच राहायला हवेत, आणि खासगी ट्रॅव्हल्सवाले नेमके तेच मार्ग निवडतात.

दर बदलतो तो अंतरामुळे नाही. महामंडळ प्रस्ताव मांडतं, मंजुरी राज्य परिवहन प्राधिकरण देतं. भाडं ठरवून देण्याचा राज्याचा अधिकार 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 67 मधून येतो. वाढ किती करायची याचं सूत्र ठरलेलं आहे. डिझेल, टायर, सांगाडा म्हणजे चॅसी आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता या चार गोष्टी किती वाढल्या, ते त्यात भरायचं. कागदावर हे झटकन होणारं काम आहे, पण निवडणुका आणि लोकांचा रोष सूत्रात बसत नाहीत. त्यामुळे वाढ रेंगाळते आणि मग एकदम येते: 2018 मध्ये 18 टक्के, 2021 मध्ये 17.17 टक्के, 2025 मध्ये 14.95 टक्के. 8.70 ला 1.1495 ने गुणा, दहाच्या किंचित वर उत्तर येईल. सुरुवातीचे ते पाच पैसे तिथले: दहाच्या वरची पाच पैशांची पुढची पट 10.05.

पैसे पूर्ण रकमेला आणण्यातही गणित आहे. 2018 च्या वाढीत भाडं पाचाच्या पटीत आणलं: सात रुपये होत असतील तर पाच, आठ होत असतील तर दहा. सुट्ट्यांची कटकट संपावी हा हेतू. आता कागदावर करून बघा. सात-सात रुपयांचे दोन प्रवास वेगळे केले तर पाच आणि पाच, दहा रुपये. सलग केला तर चौदाचे पंधरा. आठ-आठ रुपयांचे वेगळे केले तर वीस, सलग सोळाचे पंधरा. म्हणजे तिकीट तोडून काढणं कधी स्वस्त, कधी महाग. वरच्या पूर्णांकाला नेण्यात हे होत नाही. तिथे तुकडे केल्यावर बेरीज कधीच कमी होत नाही, झाली तर जास्तच होते. 2025 च्या वाढीनंतर सुट्ट्या पैशांवरून वाहक आणि प्रवाशांचे वाद पुन्हा सुरू झाले आणि यूपीआयवर भर द्या असं सांगायची वेळ आली.

इथपर्यंत आपण अंतर ठाऊक आहे असं धरून चाललो. पण दोन गावांमधलं अंतर म्हणजे कुठून कुठवर? मुंबईतले जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते. एसटीला चर्चशी घेणंदेणं नाही, तिचं अंतर स्थानक ते स्थानक आणि गाडी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याचं. स्थानक गावाबाहेर गेलं, बाह्यवळण झालं की कागदावरचं अंतर बदलतं.

गाडीतल्या मीटरवर विसंबता येत नाही, आणि यामागचं कारण टायरमध्ये आहे. मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. बसच्या चाकाची त्रिज्या अर्ध्या मीटरच्या आसपास असते. टायर झिजून ती एक सेंटिमीटरने घटली तर घेर दोन टक्क्यांनी घटतो, आणि तेच अंतर कापायला दोन टक्के जास्त फेरे लागतात. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर झिजलेल्या टायरची गाडी 306 दाखवेल. फरक सहा किलोमीटरचा, बरोबर एक टप्पा. म्हणून मार्गाचं अंतर एकदा ठरवून कागदावर पक्कं करतात. रोजच्या गाडीचं मीटर काय म्हणतं, ते तिकिटाला विचारलं जात नाही.

रस्त्याने अंतर मोजायचं म्हटलं की डोंगर आडवा येतो. नागपूर ते वर्धा सरळ रेषेत 67 किलोमीटर आहे, रस्त्याने 75 च्या आसपास. मैदानी मुलखात रस्ता रेषेला धरून जातो. पोलादपूर ते महाबळेश्वर सरळ रेषेत जेमतेम 21 किलोमीटर. पण आंबेनळी घाटाने जाताना चाळीसच्या आसपास, जवळजवळ दुप्पट. चार टप्प्यांचं अंतर सात टप्प्यांचं होतं.

आणि घाटाचा खरा खर्च अजून आलाच नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना गाडी सुमारे 1300 मीटर वर जाते. भरलेली बस चौदा टनांची धरली तर तेवढं वजन वर उचलायला 178 मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल असतात, पण इंजिनातून त्यातला तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचतो, म्हणजे बारा. तेव्हा नुसत्या उंचीसाठी चौदा-पंधरा लिटर. सपाटीवर चाळीस किलोमीटरला आठ-नऊ लिटर पुरतात! उतरताना त्यातलं काही परत मिळतं का? गाडी फार थोडं डिझेल पिते एवढंच. वर नेताना साठवलेली ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते आणि लायनर झिजतात तो खर्च वेगळा. एसटीच्या दरात या चढाचा वेगळा हिशेब नाही. घाटाचा टप्पा आणि वर्ध्याकडच्या सपाट रस्त्याचा टप्पा एकाच भावाचे.

असा वेगळा हिशेब करता येत नाही असं मात्र नाही. हिमाचल प्रदेशात सपाटीचा आणि डोंगराचा दर वेगवेगळा आहे. जुलै 2020 मध्ये ठरलेले दर किलोमीटरला 1 रुपया 40 पैसे आणि 2 रुपये 19 पैसे असे होते, म्हणजे डोंगरात दीडपटीहून जास्त. तिथे राज्याचा बहुतेक भाग डोंगरच असल्याने फरक न करून भागलं नसतं. आपल्याकडे घाट हा मार्गातला छोटा तुकडा असतो, त्यामुळे सरासरीत तो खपून जातो. शिवाय कोकणातल्या माणसाकडून सह्याद्रीचे पैसे वेगळे घ्यायचे, हे कुठलं सरकार करील?

नागपूरच्या झिरो माइलवर गावांची अंतरं कोरलेली आहेत आणि देशातली अंतरं इथूनच मोजतात असं सगळे सांगतात. तिथेच सर्वेक्षण खात्याची खूण आहे, ती मात्र उंचीची: समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. अंतर आणि उंची एकाच जागी नोंदवणाऱ्यांना जे दिसत होतं, ते भाड्याच्या तक्त्यात उतरलेलं नाही.

खासगी गाड्यांचं भाडं अंतरावर कमी आणि तारखेवर जास्त ठरतं. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी आणि नंतरच्या मंगळवारी तोच रस्ता, तीच गाडी, तेवढंच डिझेल, पण ॲपवरचा आकडा दुप्पट-तिप्पट. मागणी पाहून दर ठरवणारी ही पद्धत विमानांकडून आली. तिच्यावर लगाम म्हणून राज्य सरकारने 27 एप्रिल 2018 ला निर्णय काढला: खासगी गाडीचं भाडं तशाच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त नको. म्हणजे खासगी भाड्याची कमाल मर्यादाही शेवटी त्या सहा किलोमीटरच्या टप्प्यावरच येऊन टेकते. तपासायला सोपं आहे. वातानुकूलित शिवशाहीचा टप्पा 2025 च्या दराने 14 रुपये 20 पैशांचा. तीनशे किलोमीटर म्हणजे पन्नास टप्पे, 710 रुपये. दीडपट 1065. तशाच गाडीला यापेक्षा जास्त मागितले, तर तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन आरटीओकडे तक्रार करता येते.