जुन्या मोटारबोटीची घरगुती दुरुस्ती व देखभाल (पुणे परिसर)

कारखान्याची हमी कधीच संपलेली, दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेली छोटी मोटारबोट मालकाने स्वतः, घराच्या अंगणात किंवा शेडमध्ये, सुस्थितीत ठेवणे. या नोंदीत मुख्यतः फायबरच्या, म्हणजे काचतंतू रेझिनने (घट्ट होणाऱ्या राळेने) जोडून बनवलेल्या आणि मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन टांगलेल्या बोटींचा विचार केला आहे.

पुण्याला समुद्र नाही. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर आणि पूर्वेकडे उजनी एवढे जलाशय शहराच्या आसपास आहेत. नौकानयनाची परंपराही जुनी आहे. मुळा-मुठेच्या काठी १८६८ मध्ये बोट क्लब सुरू झाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा (नौकास्पर्धांचा सोहळा) १९२८ पासूनचा. ही परंपरा मात्र वल्ह्यांची. मोटारबोटीच्या देखभालीची बहुतेक पुस्तके समुद्र समोर ठेवून लिहिलेली असतात आणि त्यांतला अर्धाअधिक मजकूर खाऱ्या पाण्याशी झुंजण्याचा असतो. धरणाच्या गोड्या पाण्यात ते दुखणे जवळजवळ नाही. येथे जुनी बोट वापरून झिजते त्यापेक्षा पडून राहून जास्त बिघडते. टाकीत राहिलेले पेट्रोल, तळात साठलेला पाऊस आणि उन्हाने तडकलेले रबर हे तिचे खरे शत्रू.

त्यांत पेट्रोल पहिले. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते. ओल प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि इंजिनची नळी नेमकी तोच थर ओढते. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरची गॅस्केटे आणि काही फायबरच्या टाक्यांचे रेझिनसुद्धा इथेनॉलने मऊ पडते. म्हणून जुनी बोट घेतल्यावर पहिला खर्च इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्यांवर करावा, रंगावर नव्हे. फेरीपुरतेच पेट्रोल भरावे. परतल्यावर नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. मात्र त्या वेळी त्याला थंड करणारे पाणी मिळत असले पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत पुण्याचे भाग्य मोठे आहे. हे शहर अनेक दशके स्कूटरचे होते. प्लगची गॅप, पॉइंट, कार्बोरेटरचे जेट यांवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून भेटतात आणि जुने आउटबोर्ड त्यांना परके वाटत नाही. फरक ऑइलमध्ये आहे. स्कूटरचे टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे, राख न सोडणारे ऑइल लागते. ५० ला १ हे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल पडते. पण फार जुन्या इंजिनांना याहून जास्त लागते, तेव्हा पुस्तिका पाहूनच मिश्रण करावे.

पाणी खेचणारा इम्पेलर हा रबरी पात्यांचा छोटा पंखा. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करावे. कोरडे चालवल्यास इम्पेलर मिनिटभरातही जळू शकतो. घरी चाचणी घ्यायला २०० लिटरचा पिंप पुरतो. इंजिनाचा खालचा भाग पाणी ओढण्याच्या जाळीच्या वरपर्यंत बुडाला पाहिजे.

खालच्या गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ दिसले तर सील गेले आणि पाणी आत शिरले असे समजावे. नवे ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरतात आणि ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत दाबत राहतात. वरून ओतले तर आत हवा अडकते. बोट ढकलणाऱ्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, शिअर पिन हीसुद्धा दुर्लक्षित वस्तू. मे महिन्यात धरणे उतरली की बुडालेले खडक आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. अशा ठोकरीत पिन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकणे म्हणजे ते संरक्षणच काढून टाकणे. जास्तीच्या पिना बोटीतच ठेवाव्यात.

फायबरच्या बोटीत सर्वांत महागडा दोष बाहेरून दिसत नाही. मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, आत प्लायवूड असते आणि इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. टणक आवाज जिथे बोथट होतो तिथे संशय घ्यावा आणि आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचे भोक पाडून भुसा पाहावा. काळपट, ओला भुसा निघाला तर वरवरची लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. आतला थर कापून कुजलेले लाकूड पूर्ण काढावे, जागा वाळवावी आणि ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लाय इपॉक्सीने बसवावे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये असे प्लाय विचारून पाहावे. लाकडाला साध्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी कितीतरी चांगले धरते.

तळाला भोक वा चीर असल्यास कडा जाडीच्या बारापट लांब तासून उतार करतात. ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर उतार. हा उतार कंटाळून कमी केला की दुरुस्ती पुढे सुटते. रेझिनचे काम पावसाळ्यात टाळावे, कारण दमट हवेत ओल अडकते. पुण्यात फेब्रुवारीचे दिवस त्याला उत्तम. एप्रिलच्या दुपारी मिश्रण भांड्यातच घट्ट होते. पॉलिएस्टर रेझिनचे हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मग हार्डनर घालावा. डोळ्यांवर चष्मा आणि घासताना मास्क हवाच. काचेची धूळ फुप्फुसात जाते.

नाना पेठेत वाहनांचे सुटे भाग मिळतात, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात हत्यारे मिळतात. बेअरिंग, केबल, नट-बोल्ट तिथून घेण्यास हरकत नाही. पण पेट्रोलवर चालणारे इंजिन बोटीच्या पोटात असेल तर मोटारीचा स्टार्टर, डायनॅमो किंवा कार्बोरेटर बसवू नये. रस्त्यावर मोटारीखालून वारा जातो. बोटीत पेट्रोलची जड वाफ तळाशी साचते आणि ठिणगी बंदिस्त नसलेला स्टार्टर ती पेटवू शकतो. सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवण्याचा नियम याचसाठी आहे. डिझेल इंजिनात हा धोका बराच कमी, आणि शेतीपंपाच्या इंजिनाची एअर (इंधनाच्या नळीत अडकलेली हवा) काढता येणारा माणूस बोटीच्या डिझेल इंजिनाचीही काढू शकतो.

समुद्रावरून आणलेल्या बोटीचे जस्ताचे अ‍ॅनोड (बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे तुकडे) बदलून गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावावेत. तळाला तांबेयुक्त विषारी रंगाची येथे गरज नाही; कालवे-शिंपले चिकटत नाहीत, आणि खडकवासल्याचे पाणी तर शहर पिते. त्याच कारणाने ऑइल बदलणे आणि बोट धुणे काठावर नव्हे, घरी करावे.

पावसाळ्यात बोट नाळ (पुढचे टोक) उंच ठेवून उभी करावी, तळाचे बूच काढून ठेवावे आणि ताडपत्री उताराने बांधावी. साचलेल्या पाण्यात लाकूड कुजते आणि डेंग्यूचे डासही होतात. ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगे पाण्यात उतरवण्यापूर्वी थंड होऊ द्यावीत, नाहीतर गरम हब पाणी आत खेचतो. हंगाम संपला की ग्रीस बदलावे.

यांत्रिक नौकांची नोंदणी १९१७ च्या कायद्याऐवजी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली येते, आणि धरणात बोट उतरवण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी लागते.