पॉवर स्टेअरिंग बॉक्सची पुनर्बांधणी (जुने ट्रक)

जुन्या ट्रकचा तेल गळणारा हायड्रॉलिक स्टेअरिंग बॉक्स आणि पंप खोलून, सील, ओ-रिंगा, लागलं तर बेअरिंग बदलून परत बसवायचं काम. या नोंदीत १९६०-७०च्या दशकातल्या शेवरोले-जीएमसी पिकअपमधला सॅगिनॉ (जनरल मोटर्सच्या स्टेअरिंग विभागाचा) बॉक्स धरलाय. त्या काळातल्या फोर्डच्या काही फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकांत व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बाहेर दांड्यावर असतात, तिथे गळायच्या जागा आणखी वाढतात.

पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा कोणी केलं यावर वाद आहे. काही जण १८७६ च्या फिट्सचं नाव घेतात पण त्याचा तपशील जवळपास मिळतच नाही, काही ट्वायफर्डच्या १९०० च्या पेटंटकडे बोट दाखवतात, आणि १९०३ च्या सुमाराच्या कोलंबिया ट्रकला स्टेअरिंगसाठी वेगळी इलेक्ट्रिक मोटर होती असंही सांगतात. आज ज्याला पॉवर स्टेअरिंग म्हणतो त्या हायड्रॉलिक रचनेचा धागा मात्र फ्रान्सिस डेव्हिसकडेच जातो असं मानणं जास्त बरं. हा पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर, जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे हाल बघितलेला. १९२६ मध्ये त्याने गाडी चालवून दाखवली, मग जनरल मोटर्सबरोबर काम केलं, पण मंदीत खर्च परवडेना म्हणून १९३४ च्या आसपास ते थांबलं. युद्धात चिलखती गाड्यांना ही सोय मिळाली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून ती बाजारात आली, तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर! म्हणजे कल्पना ट्रकवरून सुचली आणि पिकअपवाल्यांना कितीतरी वर्षं ती जादा पैसे मोजूनच घ्यावी लागली.

गळती शोधायच्या आधी बॉक्स धुवून कोरडा करतात, कारण पंप, होज किंवा वरच्या शाफ्टचं सील, काहीही गळलं तरी थेंब शेवटी खाली पिटमन आर्मवरच (बॉक्सखालचा, चाकांकडे जाणाऱ्या दांड्या हलवणारा हात) दिसतो. बहुतेक वेळा दोषी निघतं ते सेक्टर शाफ्टचं (ज्याच्या टोकाला पिटमन आर्म बसतो तो दांडा) खालचं सील. आर्मवर खूण करून तो पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढायचा, हातोड्याने ठोकलं तर आतल्या भागांना मार बसतो. नुसतं सील बदलून भागेलच असं नाही. शाफ्टवर गंजाचे खड्डे असले किंवा नीडल बेअरिंग झिजून शाफ्ट हलत असला तर नवं सील थोड्याच दिवसांत परत गळायला लागतं, त्यामुळे शाफ्टवरून नख फिरवून बघतात, अडकलं की शाफ्टच बदला.

पूर्ण खोलताना रॅक-पिस्टनमधल्या (तेलाच्या दाबाने सरकून सेक्टर शाफ्ट फिरवणारा भाग) स्टीलच्या गोळ्या सांडतात. त्यातल्या काळ्या गोळ्या चकचकीत गोळ्यांपेक्षा इंचाच्या अर्ध्या हजारांशाने लहान असतात आणि एक काळी एक चकचकीत अशाच भरायच्या, सगळ्या एकसारख्या समजून भरल्या की स्टेअरिंग जड होतं. वरच्या स्क्रूने प्ले (ढिलेपणा) काढायचा तो स्टेअरिंग बरोबर मधे ठेवूनच.

पंपात टाकीची मोठी ओ-रिंग आणि शाफ्ट सील बदलतात. ब्रेक ऑइल चुकूनही टाकायचं नाही, त्याने सीलं फुगतात. गळती थांबवणारी बाटलीतली औषधंही रबर फुगवूनच चालतात, त्यामुळे ती तात्पुरतीच.

शेवटी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हवा काढायची आणि तेल घालत राहायचं. तेल दुधाळ दिसलं म्हणजे हवा अजून आत आहे.