जांभूळ की अंजनी?

उन्हाळ्यात माथेरानच्या पायवाटेवर एखादं झुडूप निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडलेलं दिसलं की कुणीतरी सांगून टाकतं, "जांभळाला बहर आलाय." पण जांभळाची फुलं निळी नसतातच. ती हिरवट पांढरी, पुंकेसरांचे झुपके असलेली आणि मंद वासाची. निळा बहर अंजनीचा. चार पाकळ्यांची चिमुकली फुलं फांद्यांच्या पेरांवर इतकी दाटतात, की खालची साल झाकून जाते.

खरी पंचाईत बहर ओसरल्यावर होते. दोन्ही सदाहरित, दोन्हींची पानं समोरासमोर, जाड आणि तुकतुकीत. माथेरान-महाबळेश्वरच्या रानात ती शेजारी शेजारीच वाढतात. तिथल्या जंगलाचा प्रकार वनशास्त्रात जांभूळ, अंजनी आणि पिसा या तिघांच्या नावाने ओळखला जातो. उंचीवर तर अजिबात विसंबू नये. जांभूळ एरवी मोठा वृक्ष, अंजनी झुडूप किंवा लहान झाड. पण पठाराच्या कड्यावर वारा जांभळालाही खुजं करून ठेवतो.

म्हणून एक पान चुरगळून हुंगावं. जांभळाच्या पानात तेलाचे सूक्ष्म ठिपके असतात, त्यामुळे उग्रसर वास येतो. पान उजेडासमोर धरलं तर ते ठिपके दिसतात. शिवाय बारीक समांतर शिरांची दाटी असते आणि त्या कडेलगतच्या एका शिरेला जाऊन मिळतात. अंजनीच्या पानाला असा वास नाही, बाजूच्या शिरा जेमतेम दिसतात आणि देठ नावापुरता. माझ्या मते एवढी परीक्षा पुरे. फळांची वाट बघायची गरज नाही.

फळं हाती लागलीच, तर अंजनीचं वाटाण्याएवढं, गोल, काळसर आणि टोकाला पेल्यासारखी कडा असलेलं असतं. गर कमी, चव तुरट. पक्ष्यांना ते चालतं, आपण जांभूळच खावं. अंजनीचं लाकूड टणक, आणि पानांपासून पिवळा रंग काढत असत.

शास्त्राच्या हिशेबात दोघं लांबचे नातलग. गण एक, कुळं वेगळी: जांभूळ लवंग-पेरूच्या कुळातलं, अंजनी मेलास्टोमॅटेसी कुळातली. आणि खानदेशातला अंजन? तो तिसराच. कोरड्या रानातला, जोडपानांचा, पानझडी वृक्ष.