वेग कमी झाला की बघणारे? दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ

१०० मीटरच्या रेसचा विषय निघाला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे ठरलेलं वाक्य, "बोल्ट ग्या, आते काय देखानं?" (जमैकाचा उसेन बोल्ट रिटायर झाला, आता काय बघायचं?) आणि त्याला लागूनच, आता ती स्पीडच राहिली नाही. गल्लत इथंच होते. क्रेझ उतरली हे मलापण दिसतं आणि वाईटपण वाटतं, पण पळणारे स्लो झाले हे साफ चूक आहे.

आधी स्पीडचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची फायनल घ्या, आठच्या आठ जण १० सेकंदांच्या आत आले, सगळ्यात शेवटी आला जमैकाचा ओब्लिक सेव्हिल, ९.९१ मध्ये. आता १९८८ चं सोल आठवा, बेन जॉन्सन डोपिंगमध्ये बाद झाल्यावर कार्ल लुईसला गोल्ड मिळालं ते ९.९२ वर. म्हणजे तेव्हाच्या गोल्डपेक्षा आजचा आठवा फास्ट! आणि हाच सेव्हिल २०२५ ला टोकियोत ९.७७ पळून वर्ल्ड चॅम्पियन झाला, बोल्ट स्वतः स्टेडियममध्ये बसून बघत होता.

मग बघणाऱ्याला मजा का येत नाही? मला वाटतं आपल्या डोळ्याला स्पीड कळतच नाही, त्याला अंतर कळतं. बर्लिनला २००९ मध्ये बोल्ट ९.५८, दुसरा टायसन गे ९.७१, म्हणजे लाईनवर जवळपास दीड मीटरचा फरक, तो घरात बसलेल्या आजीलापण दिसायचा. पॅरिसमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचा टाइम ९.७९, फरक निघाला सेकंदाच्या पाच हजारांशाचा, म्हणजे चार बोटांपेक्षा कमी. ३० मीटरपर्यंत लाइल्स सगळ्यात मागे होता आणि जिंकला तो एकदम लाईनवर, पण फोटो बघितल्याशिवाय कोणालाच, त्यालापण, खात्री नव्हती. माझ्या मते ही बोल्टच्या रेसपेक्षा भारी रेस होती. पण आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजत आलेला, कोण जागणार. शिवाय ९.५८ चा रेकॉर्ड तसाच उभा आहे, त्याच्यापुढे कोणताही आकडा फिकाच वाटतो.

नुसत्या वेळेचंच कारण आहे असंही नाही म्हणा. १ ऑगस्ट २०२१, टोकियोची फायनल आपल्याकडे संध्याकाळी सहा-साडेसहाला झाली, इटलीचा मार्सेल जेकब्स ९.८० मध्ये जिंकला, किती जणांनी बघितली? त्याच संध्याकाळी सिंधूचं ब्राँझ आणि हॉकीची ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल होती, आपली माणसं तिकडे होती आणि त्यात काही चूक पण नाही. १४ सप्टेंबर २०२५ ला सेव्हिल जिंकला त्याच रात्री एशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच. म्हणजे लोक खेळ बघायचे थांबले नाहीत, जिथं आपला माणूस आहे तिकडे वळले.

डोपिंगने भरवसा उडाला हेपण खरं आहे, २०१७ ला लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, डोपिंगची बंदी भोगून आलेल्या अमेरिकेच्या गॅटलिनने बोल्टला हरवलं तर स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली.

आणि १०० मीटर पळणं आपल्याकडे कमी झालंय का? अजिबात नाही. पोलीस भरतीत १०० मीटरला १५ मार्क आहेत, पहाटे पाचला कोणत्याही तालुक्याच्या ग्राउंडवर जा, पोरं-पोरी जीव तोडून स्टार्ट मारताना दिसतील. परवा प्रॅक्टिस संपल्यावर त्यातल्या दोघांना मोबाईलवर पॅरिसची फायनल दाखवली, कोण जिंकलं ते सांगितलंच नाही. लाईन आली तसे दोघं दोन नावं ओरडले, मग आम्ही ते शेवटचे दहा मीटर चार वेळा मागे घेऊन बघितले, भांडण काही मिटेना.