घर नवऱ्याचं म्हणून बाईनेच निघायचं? चूक!

लॉकडाऊनपासून एक गोष्ट फिरतेय, की घर नवऱ्याच्या नावावर असेल तर मार खाणाऱ्या बाईनेच बाहेर पडायचं, आणि सगळं बंद असेल तर गप सहन करायचं. साफ चूक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकी नसली तरी तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे, उलट कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट मारणाऱ्या नवऱ्यालाच बाहेर काढू शकतात. घर सासऱ्याचं असलं तरी हक्क लागू होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलंय. लॉकडाऊनमध्ये नवरा चोवीस तास समोर, मदतीसाठी फोन करणार कसा? म्हणूनच राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप नंबर काढला होता. आणि शेजाऱ्यांनो, संरक्षण अधिकाऱ्याला (अशा बायकांच्या मदतीसाठी याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) तुम्हीपण कळवू शकता, चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. आत्ताच मारहाण चालू असेल तर सरळ ११२ लावा.