पावावर उमटलेलं राशिभविष्य

परवा कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव बांधून आणला. घरी पुडी सोडली तर पावाच्या बुडाला राशिभविष्य उमटलेलं, तेही उलट्या अक्षरांत. कन्या राशीला धनलाभ होता. पुढचं तेलात फिसकटलं होतं.

वर्तमानपत्राची शाई खऱ्या अर्थाने वाळतच नाही. छपाईत तिला उष्णता देऊन सुकवत नाहीत. तिच्यातलं तेल कागदात मुरतं, रंगाचे कण वर राहतात, म्हणून पेपर चाळून झाला की बोटं काळी होतात. हे तेल बहुधा खनिज तेल असतं, पेट्रोलियमपासून काढलेलं. कढईतून नुकताच काढलेला वडा त्यावर ठेवला की तेलाला तेल भेटतं आणि शाईतलं बरंच काही वड्यात उतरतं. तिखट-मीठ लावलेल्या कोरड्या चण्यांनाही हे लागतं, पण गरम आणि तेलकट पदार्थाला कितीतरी जास्त. खनिज तेलातले काही घटक शरीरात साठून राहतात. काही, विशेषतः कार्बनच्या तीन किंवा जास्त कड्या जोडलेले रेणू, पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतात.

बरं, पेपर थेट लागलाच पाहिजे असंही नाही. झुरिकच्या सरकारी अन्नप्रयोगशाळेत कोनी ग्रोब यांनी रद्दीपासून बनवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतले पदार्थ तपासले. जुन्या छपाईतलं खनिज तेल नेहमीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन आतल्या तांदळापर्यंत पोचत होतं. मध्ये साधी पॉलिथिनची पिशवी असली तरी ती फार वेळ अडवत नाही.

आपल्याकडे कायदा आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामकाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला मनाई आहे, आणि हे नियम १ जुलै २०१९ पासून पाळणं बंधनकारक झालं. प्लास्टिकसाठी मोजमापही ठरलेलं आहे: एक किलो अन्नात वेष्टनातून एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये. प्रयोगशाळेत त्यासाठी खरं जेवण वापरत नाहीत. आंबट पदार्थाऐवजी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, तेलकटाऐवजी हेप्टेन नावाचा द्रव. वेष्टन ठरावीक वेळ त्यात ठेवायचं आणि काय उतरलं ते तोलायचं.

माझ्या मते ही एकूण बेरीज म्हणजे मोठ्या भोकांची चाळण. किती उतरलं ते कळतं, काय उतरलं ते नाही. काही धातू आणि एका थॅलेटला (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाला) वेगळ्या मर्यादा आहेत, पण यादी आखूडच. बिस्फेनॉल-ए या एकाच रसायनाचं बघा. डब्यांच्या आतल्या लेपात ते वापरलं जायचं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. म्हणजे २० हजार पटींनी खाली! मिलिग्रॅमच्या तराजूत हे दिसणारही नाही.

गाडीवाल्याला म्हटलं, पांढरा कागद का नाही वापरत? तो म्हणाला, "दादा, पेपर तेल पितो. तो चकचकीत कागद पीत नाही, गिऱ्हाईक ओरडतं."

तेल न पिणाऱ्या कागदाचं रहस्यही निर्मळ नाही. अशा कित्येक कागदांना पीफास या फ्लोरिनयुक्त गटातली रसायनं लावलेली असत. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट की ती निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये खाद्यपदार्थांच्या कागद-पुठ्ठ्यात त्यांच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेत असे तेलरोधक लेप आता विकले जात नाहीत, असं तिथल्या एफडीए या अन्न-औषध नियामकाने २०२४ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे पीफास आणि बिस्फेनॉल-ए दोन्ही वेष्टनांतून हटवण्याचा मसुदा २०२५ मध्ये निघाला. रद्दी बंद करताना तिच्या जागी येणारा कागद तपासणं हे तितकंच नियामकाचं काम आहे.

काल स्टीलचा डबा घेऊन गेलो. गाडीवाल्याने हसत वडे आत टाकले, बाजूला सुकी चटणी घातली. मग सवयीने पेपरचा एक तुकडा फाडला, चटणीवर दाबला आणि झाकण लावलं.